खिशातला विमा

२६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, उपनगरांतील वीज गेली, बहुतेक भ्रमणध्वनी मुके झाले. अंधेरी-घाटकोपरचे चाकरमाने कमरेइतक्या पाण्यातून रात्रभर घराची वाट तुडवीत राहिले. परंतु तेव्हा त्यांच्या खिशात निदान चार नोटा होत्या. आज पैसा, पत्ते, आप्तांचे क्रमांक, ओळखपत्र आणि विजेरी हे सारे आपण एकाच यंत्राच्या स्वाधीन केले आहे. सर्व ठेव एकाच पेढीत ठेवू नये, हा अर्थशास्त्रातला पहिला धडा. तो आपण खिशाच्या बाबतीत मात्र विसरलो.

उपाय स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या लहानशा पिशवीत शंभराच्या काही नोटा, घरचे क्रमांक व रक्तगट लिहिलेली चिठ्ठी, नित्याच्या औषधाच्या दोन मात्रा, एक शिटी आणि बोटभर विजेरी. विम्याचा याहून लहान हप्ता कोणता असणार?

नाले साफ ठेवण्याच्या कर्तव्यातून ही पिशवी महापालिकेला मुक्त करीत नाही, हे खरेच. पण चढत्या पाण्यात उभे राहून जाब विचारता येत नाही. त्यासाठी आधी सुखरूप घरी पोहोचावे लागते.