केसांच्या गोळीआधी रक्त तपासा

लगीनसराई जवळ आली की भोकरदनच्या माझ्या मेडिकलवर केसांच्या गोळ्यांची विचारणा वाढते. पोरी मोबाइलवरचा फोटो पुढे करतात, ‘दादा, हेच केराटीनवालं द्या.’ चिठ्ठी लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी हे औषध नाही, अन्नपूरक आहे. आमचा नफाही त्यात बरा सुटतो, हे लपवून काय करू?

केस आणि नखं केराटीनची बनतात हे खरं. पण गिळलेलं केराटीन थेट डोक्यावर चढत नाही. जेवढं पचतं तेवढ्याचं इतर प्रथिनांसारखंच विघटन होतं. त्यातून मिळणारी अमिनो आम्लं अंड्यातून आणि डाळीतूनही मिळतात.

आणि जास्त खाल्लं म्हणजे जास्त केस, असंही नाही. शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२४ च्या अखेरीस माणसांना चार दिवसांत टक्कल पडू लागलं. आधी संशय शाम्पूवर, मग पाण्यावर. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासले तेव्हा रक्तात सेलेनियम हे खनिज ३५ पट, केसांत तर १५० पट वाढलेलं आढळलं. जस्त मात्र कमी. त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जग ओळखतं ते हे डॉक्टर आमच्याच तालुक्यातल्या देहेडचे. हेच सेलेनियम केसांच्या अनेक गोळ्यांत असतं. अमेरिकेत २००८ साली एका पूरकात ते चुकून लेबलवरच्या मात्रेच्या सुमारे २०० पट पडलं आणि तिथेही लोकांचे केस गळाले.

याच गोळ्यांतल्या बायोटीन या जीवनसत्त्वाचं दुखणं वेगळं. मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉईडचे आणि हार्ट अटॅकच्या निदानासाठीच्या ट्रोपोनिनचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला. म्हणजे केस का गळतात हे शोधणारी तपासणीच गोळी बिघडवू शकते.

म्हणून मी आधी विचारतो, ‘ताई, बाळंतपण कधी झालं? टायफॉइड, डेंग्यू होऊन गेला का? अंगावरून जास्त जातं का?’ बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकींचे आपोआप परत येतात. लोह कमी पडलं तरी केस गळू शकतात, आणि सरकारी आरोग्य पाहणी सांगते की राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे. त्यांतल्या अनेकींना हवं असतं लोह, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. काही जणी रागावून पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत. पण बायोटीनच्या बाटलीवर ‘रक्त तपासणीआधी डॉक्टरांना सांगा’ एवढं तरी मराठीत, ठळक छापायला सरकारने कंपन्यांना भाग पाडावं.