टोप भाड्याने मिळेल का?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या ओळखीच्या एका घरी फोन आला. मोठ्या शहरातल्या एका फॅशन फिल्मवाल्याला गुसाडीचा मोरपिसांचा टोप हवा होता, दोन दिवसांसाठी. "भाडे काय ते सांगा." कुंतला धबधब्यापाशी तो एका मुलीच्या डोक्यावर चढवायचा, अंगावर विकायची साडी, मागे कोसळते पाणी, झाली फिल्म! ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, फॅशन फिल्म म्हणजे कपडा खपवण्यासाठी काढलेला दोन-तीन मिनिटांचा चित्रपट. गोष्ट असलीच तर तोंडी लावण्यापुरती. हे सुचले कुठून, असे विचारले की उत्तर तयार असते : "आदिवासी जीवनातून प्रेरणा घेतली."

घेतली कसली, उचलली!

आदिलाबादेत राहणाऱ्याला गुसाडी काय ते सांगायला नको. दिवाळीच्या दिवसांत गोंडांची दंडारी गावोगाव फिरते. अंगाला राख, गळ्यात माळा, हातात दंड आणि डोक्यावर तो टोप. टोपाची आधी पूजा होते, मग तो डोक्यावर चढतो. ज्याच्या डोक्यावर चढला त्याच्या अंगी देव आला, असे मानतात. त्याला अंघोळ वर्ज्य, खाट वर्ज्य. त्याचा दंड लागला तर दुखणे जाते म्हणून लोक पुढे होतात. आता हा टोप ताशी भाड्याने कोणी मागावा, आणि कोणी द्यावा?

"कलावंताला बंधने नकोत," असे म्हणणारे आहेतच. त्यांना मी कोल्हापूरच्या भानु राजोपाध्यांची आठवण देतो. जग त्यांना भानु अथैया म्हणून ओळखते. चित्रकाराची मुलगी, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली, 'इव्हज वीकली'त फॅशनची चित्रे काढता काढता सिनेमात आली. म्हणजे फॅशनचे तिला वावडे नव्हते. पण १९६६ च्या 'आम्रपाली'चे कपडे करायचे तेव्हा ही बाई अजिंठ्याला गेली. भिंतींवरच्या बायकांचे वस्त्र कमरेला कसे बसते, दागिना कुठे टेकतो, हे पाहून आली आणि मग कापडाला हात लावला. 'गांधी' पाहा. विलायती सूटातला बॅरिस्टर एकेक कपडा उतरवत पंचापर्यंत येतो, आणि माणूस बदलला हे संवादाआधी कपडाच सांगतो. त्या कामासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. भारतीयाला मिळालेले ते पहिले. आधी माणूस, मग त्याचा काळ, मग कापड, असा त्यांचा क्रम. आमचा फिल्मवाला कापडापासून सुरू होतो आणि कापडावरच संपतो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. गुसाडी दिल्लीला नाचले नाहीत काय? नाचले ना! मारलवाईचे कनक राजू यांनी ते दिल्लीपर्यंत नेले, पुढच्या पिढीला शिकवले; २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. पण तिथे टोपाखाली गोंडाचेच डोके होते, आणि काय दाखवायचे, काय झाकायचे हे त्याने ठरवले होते. याच मारलवाईत १९४० च्या दशकात हैमेनडॉर्फ नावाचा परदेशी संशोधक येऊन राहिला. गोंडी शिकला, आणि त्या लोकांत राहून छायाचित्रे घेतली. परक्याने कॅमेरा आणू नये असे माझे म्हणणे नाहीच. (मारलवाई २०१६ च्या वाटणीत आसिफाबादकडे गेली खरी; पण जिल्ह्याची रेघ दंडारीला कोण दाखवणार?)

खरा राग मला आपलाच येतो. हिंदी सिनेमात मराठी बाई म्हणजे काष्टा घातलेली मोलकरीण, हे पाहून आपण किती वर्षे चडफडलो! घरात मराठी, शाळेत तेलुगू, दोन्हीकडे थोडे परके. आपल्या नेसण्या-बोलण्याचे सोंग कोणी केले की ते कुठे झोंबते हे आपल्याला चांगले कळते. आणि तेच आपण लग्नाआधीच्या फिल्मसाठी मुलीला गोंडीणीसारखे नटवतो, शेजारच्या पाड्यावरून माळा आणवतो. ज्या बाईच्या गळ्यातल्या त्या माळा, तिला लग्नाचे आमंत्रण तरी असते काय?

तो फोन मराठी घरी का आला, हेही बघा. कारण गोंडी समजणारा, तेलुगू बोलणारा आणि शहरवाल्याशी हिंदीत सौदा करणारा माणूस आपल्यातच सापडतो. त्या घराने काय केले? चार ठिकाणी चौकशी करून दिली! टोप मिळाला नाही. शेवटी शहरातूनच नकली पिसांचा करवून आणला, असे कळले.

यंदाही कोणाकडे तरी फोन येईल. त्याला एवढेच सांगा : बाबा रे, चार दिवस आधी ये, कॅमेऱ्याची पेटी आमच्या ओसरीवर ठेव आणि दंडारीबरोबर दोन गावे पायी चाल. मग काय मागायचे ते त्यांच्याकडेच माग.