कालचे ओझे आणि आजची वाट

पापनिवेदन झालेले असते, धर्मगुरूंनी पापक्षमेचे शब्द उच्चारलेले असतात, सांगितलेले प्रायश्चित्तही पुरे झालेले असते. आणि तरीही मनुष्य देवमंदिराच्या पायऱ्या उतरतो तो मान खाली घालूनच. वर्षांपूर्वी हातून घडलेली ती एक गोष्ट त्याच्या पाठोपाठ घरापर्यंत येते. दिवसा कामाच्या गर्दीत तिचा विसर पडतो. रात्री दिवा मालवला की ती पुन्हा उशाशी येऊन बसते. अशी माणसे आपल्या कुटुंबांत थोडीथोडकी नाहीत. कोणी दारूपायी मुलांच्या तोंडचा घास काढलेला असतो, कोणी वाटणीवरून भावाशी वैर धरलेले असते, कोणी आईबापांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याकडे पाठ फिरविलेली असते. पश्चात्ताप खरा असतो. परंतु त्यातून उठून पुढे चालावे कसे, हे त्यांना उमगत नाही. आज त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

पवित्र शुभवर्तमानात एकाच रात्री पतन पावलेले दोन शिष्य आपणांस भेटतात. यहुदाने प्रभूला तीस नाण्यांसाठी शत्रूंच्या हाती दिले आणि पेत्राने आपण त्यांना ओळखतच नाही असे तीन वेळा सांगितले. पुढे दोघांनाही आपल्या कृत्याचे दुःख झाले. यहुदाने ती नाणी परत नेऊन दिली व आपला अपराधही बोलून दाखविला. पण तो बोलून दाखविला मुख्य याजकांपुढे, ज्यांना त्याच्या जिवाचे काहीच सोयरसुतक नव्हते. तेथून तो एकटाच निघून गेला आणि त्याने आपल्या जीविताचा अंत केला. पेत्रही बाहेर जाऊन अत्यंत दुःखाने रडला. मात्र तो आपल्या सोबत्यांना सोडून गेला नाही. पुनरुत्थित प्रभू तलावाच्या काठी उभे आहेत हे कळताच त्याने नावेतून पाण्यात उडी घेतली. प्रभूंनी त्याला तीन वेळा प्रीतीविषयी विचारले आणि तीनही वेळा आपल्या मेंढरांची राखण सोपविली. त्या रात्रीचा जाब मागितला नाही. पुढचे काम दिले. दुःख दोघांच्याही पदरी आले होते, पण आपले दुःख घेऊन प्रभूकडे परतला तो एकटा पेत्र.

ही प्रेषितांच्या काळची गोष्ट झाली. आता आपल्यापैकी अनेकांप्रमाणे हातावर पोट असलेल्या एका मजुराची हकीकत सांगतो. आयर्लंडमधील डब्लिन शहरी 1856 साली मॅट टॅल्बट याचा जन्म झाला. घर गरीब, भावंडे पुष्कळ, बाप व्यसनी. वयाच्या बाराव्या वर्षी तो दारूच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच त्याला दारूची चटक लागली. पुढची सुमारे सोळा वर्षे आठवड्याची मजुरी गुत्त्यात रिकामी होत असे. प्रसंगी दारूसाठी त्याने पायांतले बूटसुद्धा विकले. एकदा तर त्याने व त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर सारंगी वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाची सारंगी पळविली आणि ती विकून आलेले पैसे दारूत उडविले.

1884 साली, एका शनिवारी, खिशात दमडी नसलेला मॅट गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्या मित्रांना त्याने कित्येकदा पाजली होती ते समोरून निघून गेले. कोणी त्याला आत बोलाविले नाही. तो घरी आला आणि दारू सोडण्याची शपथ घ्यावयास जातो असे आईला म्हणाला. पाळायची असेल तरच घे, एवढे बजावून त्या माउलीने त्याला देवाच्या नावाने निरोप दिला. मागच्या सोळा वर्षांचा पाढा तिने वाचला नाही. होली क्रॉस कॉलेजात जाऊन त्याने एका धर्मगुरूंकडे पापनिवेदन केले व शपथ घेतली. ही शपथ केवळ तीन महिन्यांची होती! ते तीन महिने त्याला इतके जड गेले की, मुदत संपताच आपण पुन्हा पिऊ लागणार असे तो आईजवळ बोलून गेला. मुदत संपली तेव्हा त्याने सहा महिन्यांची शपथ घेतली आणि त्यानंतर जन्मभराची.

संध्याकाळी काम सुटले की गुत्ते टाळून तो दूरवर चालत जाई व वाटेतील एखाद्या देवमंदिरात प्रार्थना करीत बसे. मोहाला वाव नको म्हणून खिशात पैसे ठेवणे त्याने सोडले. रोज पहाटे मिस्साबलिदानास हजर राहून मग तो मजुरीस जाऊ लागला. जुनी देणी त्याने एकेक करून फेडली. त्या सारंगीवाल्याचा मात्र पुष्कळ शोध करूनही पत्ता लागला नाही. तेव्हा त्याला द्यावयाचे पैसे मॅटने त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्याकडे लाविले. एक्केचाळीस वर्षे हा नेम चालला. 7 जून 1925 रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जात असताना तो रस्त्यातच कोसळला व देवाघरी गेला. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी त्याला पूज्य म्हणून घोषित केले.

वाचकहो, मागचे सोडून देणे म्हणजे काय, हे त्या सारंगीच्या गोष्टीत आम्हांस स्पष्ट दिसते. जे फेडता येण्याजोगे आहे ते फेडावे. घेतलेले पैसे परत करावे, दुखावलेल्याच्या दारी जाऊन क्षमा मागावी. त्यात टाळाटाळ करून मी मागचे विसरलो असे म्हणणे, ही स्वतःचीच फसवणूक होय. परंतु जे आपल्या हाती उरलेले नाही, जो मनुष्य आता भेटणार नाही, जी वर्षे परत येणार नाहीत, ती देवाच्या स्वाधीन करावी आणि कामाला लागावे. देवाने क्षमा केलेले पाप रोज उकरून काढणे ही नम्रता आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्यात देवाच्या शब्दापेक्षा आपल्याच निवाड्यावर अधिक भरवसा असतो.

आणि चिकाटी? जन्मभराचे ओझे एकदम उचलू जाल तर पाठ मोडेल. मॅटने तीन महिने उचलले; तुम्ही आजचा दिवस उचला. प्रभूंनी शिकविलेल्या प्रार्थनेत आपण मागतो ती भाकर आजची असते. नमो मरियेत आपण दोनच घटका पवित्र मातेच्या हवाली करतो, आताची आणि मरणाची. कालची घटका त्यात नाही. अखेरपर्यंत टिकून राहणे ही देवाची देणगी आहे, आणि ती रोज मागावयाची असते. मध्येच पाय घसरला तर महिनोन्‌महिने तोंड लपवून बसू नये. त्याच आठवड्यात धर्मगुरूंकडे जावे.

शेवटी एक विनंती घरातील इतर मंडळींना. ज्याने घराला दुःख दिले त्याने लगेच सर्वांनी सारे विसरावे असा हट्ट धरू नये. जखमा भरून यावयास वेळ लागतो. पण जो खरोखरच वळला आहे, त्याच्यापुढे प्रत्येक भांडणात जुनी वही उघडू नका. मॅटच्या आईने त्याला निरोप देताना दोनच वाक्ये सांगितली आणि दार उघडे ठेवले. आपल्या घरी असा कोणी असेल तर आज संध्याकाळी जपमाळेला त्याला शेजारी बसवून घ्या. त्याच्या उद्याच्या दिवसाला तेवढा आधार पुरेल.