लोखंड चांद्याला, कारखाना साकचीला

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा तास हा विद्यार्थ्यांपेक्षा मास्तरांचीच परीक्षा पाहणारा असतो. निम्मा वर्ग मनाने केव्हाच एस.टी.त बसलेला असतो. अशा वेळी मी पुस्तक मिटतो आणि ग्रामनामांवर बोलतो. गावांच्या नावांत माणसांचे धंदे कसे दडलेले असतात, हा विषय कोणालाही आवडतो. यंदाही तेच चालले होते. मी ‘लोहारा’ हे नाव उच्चारले आणि मागच्या बाकावरची, चंद्रपूरकडची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्या जिल्ह्यात लोहारा आहे. तिथे लोखंडही आहे. मग टाटांनी पोलादाचा कारखाना तिकडे झारखंडात का नेला?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “विदर्भाच्या वाट्याला दुसरे काय येणार! उपेक्षा!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. नागपुरात या वाक्याला टाळी हमखास मिळते. पण घरी जाताना मला चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहिले. अलंकार शिकवणाऱ्याने पोरीच्या सरळ प्रश्नाला नुसता अलंकारच दिला होता. मग आमच्या भूगोलाच्या सहकाऱ्यांना गाठले, त्यांनी दिलेला पुस्तकांचा गठ्ठा सुटीत वाचला, आणि या सदराच्या वाचकांना दरवर्षी काहीतरी गोडधोड देण्याचा रिवाज मोडून यंदा कोळसा आणि लोखंड पुढे ठेवतो आहे.

पहिली गोष्ट ही कळली की, जमशेटजी टाटांनी चांद्याची उपेक्षा केली नव्हती. त्यांच्या पोलादाच्या स्वप्नाची सुरुवातच मुळी चांद्यापासून झाली. १८७७ साली त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली, तीसुद्धा हिशेब करूनच. कापूस आसपास पिकत होता, कापडाचे गिऱ्हाईक जवळ होते आणि जळणासाठी वरोऱ्याचा कोळसा फारसा दूर नव्हता. पुढे १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या हाती पडला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, असा त्याचा निर्वाळा होता. मात्र पुढे एक अडचण नमूद होती : जवळचा कोळसा, म्हणजे वरोऱ्याचा, भट्टीच्या कामाचा नाही.

इथे मी अडलो. कोळसा तो कोळसा! तो जळतो, मग लोखंड का वितळवीत नाही? सहकाऱ्यांनी दिवाळीला साजेसे उत्तर दिले. म्हणाले, “बेसन तेच, तूप तेच, तरी एखाद्या वेळी लाडू वळत नाही, तसे समजा.” झोतभट्टीत कोळसा तसाच घालत नाहीत. आधी हवा न लागू देता तो भाजतात आणि त्याचा कोक करतात. काही जातींचा कोळसा भाजताना मऊ होतो, एकजीव होतो आणि थंड झाल्यावर टणक पण सच्छिद्र ढेप बनतो. भट्टीत वरून टनावारी खनिज पडते, त्याचा भार या ढेपांना पेलावा लागतो आणि खालून येणारा तप्त वारा त्यांच्या फटींतून वर जावा लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा असा एकजीव होत नाही, त्याचा भुगा होतो. भुगा झाला की भट्टी गुदमरते. जुने गावकरी लोहार जंगलातल्या लाकडाच्या कोळशावर लोखंड काढीत ते खरे, पण त्यांची भट्टी पुरुषभर उंचीची. मोठ्या कारखान्याला तसा कोळसा पुरवायचा तर जंगलच्या जंगल गेले असते.

म्हणजे चांद्याची अवस्था चणे आहेत तर दात नाहीत अशी झाली. तेव्हाचे खाण-परवान्याचे नियमही जाचक होते. जमशेटजींनी तो अहवाल जपून ठेवला आणि वाट पाहिली. लॉर्ड कर्झनच्या काळात, १८९९ नंतर, ते नियम सैल झाले तेव्हा साठी उलटलेला हा गृहस्थ पुन्हा कामाला लागला, अमेरिकेला गेला, आणि तिथल्या चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला त्याने गळ घातली. पेरिनने सी. एम. वेल्ड हा भूशास्त्रज्ञ पाठवला. वेल्ड कुठे आला? चांद्यालाच! दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला यांच्यासह तो भर उन्हाळ्यात बैलगाड्यांतून फिरला. खनिज होते, पण विखुरलेले, आणि कोळशाची रड तीच. चांद्याचा नाद सोडावा, असे ठरले.

यापुढचा प्रसंग आमच्या नागपुरातला आहे, म्हणून तो जरा रेंगाळत सांगतो. आपण काम थांबवतो आहोत, हे सरकारी अधिकाऱ्याला सांगण्यासाठी दोराबजी सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला दोराबजी समोरच्या म्युझियममध्ये शिरले. यालाच आम्ही अजब बंगला म्हणतो आणि पाहुण्यांच्या मुलांना तिथे पेंढा भरलेले वाघ दाखवायला नेतो. तिथे मध्यप्रांताचा भूशास्त्रीय नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण होती. दल्ली-राजहऱ्याचे डोंगर ते हेच. मंडळी गेली, तर पायाखाली डोंगर धातूसारखा वाजे! साहेब त्या दिवशी जागेवर असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सरकारी कचेरीत साहेब जागेवर नसण्याने कोणाचे भले झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पण राजहऱ्यालाही कारखाना झाला नाही. कारण पुन्हा वजनाचेच. ढोबळ हिशेब असा की, एक टन कच्च्या लोखंडाला दीड-पावणेदोन टन खनिज, जवळजवळ तितकाच कोळसा आणि अर्धा टन चुनखडी लागते, पाणी तर कित्येक पट. यांतले बहुतेक वजन धूर आणि मळी होऊन जाते. दहा टन ऊस वाहून एक टन साखर हाती येते म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाला चिकटून असतो, त्यातलाच हा प्रकार. आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडिताने १९०९ साली याचे शास्त्र मांडले. टाटांच्या माणसांनी ते त्याआधीच पायाखाली घातले होते. उसाच्या बाबतीत जड माल एकच असतो. इथे मात्र दोघे जड भिडू दोन टोकांना बसलेले. कोक होणारा कोळसा झरियाला, राजहरा त्याच्यापासून शेकडो मैल दूर, आणि बारमाही भरपूर पाणी जवळ नाही.

वाट एका पत्राने निघाली. दुर्गच्या लोखंडाची पाहणी १८८०च्या दशकात ज्यांनी केली होती, तेच प्रमथनाथ बोस निवृत्तीनंतर मयूरभंज संस्थानात होते. गोरुमहिसानी डोंगरात उत्तम खनिज असल्याचे त्यांनी फेब्रुवारी १९०४ मध्ये जमशेटजींना कळवले. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. पुढच्यांनी नकाशा मांडला. गोरुमहिसानी, झरिया आणि कलकत्त्याचे बंदर यांच्या मधोमध जागा हवी, रेल्वे हवी, नदी हवी. १९०७ साली कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली, पण मुंबईत सुमारे आठ हजार माणसांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंड उभे केले. भूगोलाच्या पुस्तकात याला रकाना नसतो. त्याच वर्षअखेरीस सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमावर, काळीमाटी स्टेशनाजवळ, साकची हे गाव सापडले. खनिज चाळीस-पंचेचाळीस मैलांवर, कोळसा शंभर-सव्वाशे मैलांवर, पाणी दाराशी. १९१२ साली तिथे पोलाद ओतले गेले.

राजहऱ्याची पाळी पन्नास वर्षांनी आली. रशियाबरोबर १९५५ साली करार झाला, भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली भट्टी पेटली. तोवर आगगाड्या वाढल्या होत्या आणि भांडवल सरकारचे होते. आता तर कोकचा कोळसा मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रेलियातून जहाजाने येतो. म्हणूनच विशाखापट्टणमचा कारखाना समुद्रकाठी आहे आणि आमच्या रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीवर डोलवीला पोलाद होते. खाणीचे शेजारपण ज्यांना मिळाले नाही, त्यांना बंदराने जवळ केले.

आणि चांदा? त्या ‘निकामी’ कोळशाला बॉयलरमध्ये जळायला काहीच हरकत नव्हती. राख फार, दूर नेणे परवडेना, म्हणून वीजकेंद्रच त्याच्या दाराशी आले. १९८०च्या दशकापासून चंद्रपूरची वीज महाराष्ट्रभर जाते आणि राख चंद्रपुरात राहते. शिवाय कोक न वापरता, साध्या कोळशावर खनिजाचे स्पंज लोखंड करण्याची रीत निघाली आणि तसे लोखंड चंद्रपूरजवळ घुगुसला होऊ लागले. १९८२ साली चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर आता खणला जातो आहे. दातांचीच गरज न उरल्यावर चण्यांना भाव आला.

सुटीनंतर पहिल्याच तासाला मी वर्गाची माफी मागितली आणि हे सगळे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या बाकावरून पुन्हा हात वर झाला.

“सर, कारखान्याआधी साकचीत कोण राहत होतं?”

संथाळ, हो, भूमिज अशा आदिवासींच्या वस्त्या होत्या, मी म्हणालो. १९१९ साली लॉर्ड चेम्सफर्डने गावाला जमशेदपूर नाव दिले. साकची हे नाव आता त्या शहरातल्या एका पेठेला आहे. काळीमाटी स्टेशनाचे टाटानगर झाले.

ती लिहून घेत होती. तिचे आजोळ सुरजागडच्या बाजूचे आहे, हे मला नंतर कळले. मान वर न करता तिने विचारले, “सर, काळीमाटी एक शब्द की दोन?”

“एक,” मी म्हणालो.