फाटकी लक्ष्मी

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या वाशिमच्या बँकांतून एक मौजेची गर्दी उसळते. ही गर्दी कोऱ्या नोटांसाठी असते. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर कोरी पुडकी हवीत, भाऊबीजेच्या तबकात टाकायला करकरीत नोट हवी! त्यासाठी ओळखीपाळखी निघतात, खिडकीतून हात आत जातात, साहेबांच्या मुलाबाळांची चौकशी होते. मला त्याचे वावडे नाही. लक्ष्मीने नवे पातळ नेसून यावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु त्याच रांगेत एखादी म्हातारी फाटकी नोट घेऊन उभी राहिली, की तीच खिडकी तिला ओळख देत नाही. कोरी लक्ष्मी पाटावर, आणि फाटकी लक्ष्मी उंबऱ्याबाहेर! नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडवटपणा जिभेला लावण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. वाचकांनी हा लेख त्यातलाच समजावा.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. आमच्या शाळेमागे राहणारी एक आजी पदराच्या गाठीतून पाचशेची एक नोट सोडत माझ्यापुढे आली. "पाहा न गुरुजी, उंदरानं कुरतडली. कोनी घेऊनच नाही राह्यलं." नोटेचा एक कोपरा साफ गेला होता. किराणावाल्याने ती परत केली होती. बँकेत तिला "आमच्याकडे होत नाही, नागपूरला जा" असे सांगण्यात आले होते. आठवडी बाजारात फाटक्या नोटा घेणारा एक मनुष्य बसतो. त्याने मात्र मोठ्या मनाने तीनशे रुपये देऊ केले होते!

नागपूर आमच्यापासून अडीचशे किलोमीटरांहून कमी नाही. आता समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा-मालेगावावरून जातो हे खरे. पण जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर पाचशेतले उरणार काय? तिथे रिझर्व्ह बँकेची इमारत पाहून आल्याचे पुण्य, एवढेच.

मी आजीला म्हटले, "दोन दिवस थांबा." दुसऱ्या दिवशी नोट वर्गात नेली आणि मुलांना गणित घातले. पाचशेची नोट पंधरा सेंटिमीटर लांब आणि सहा पूर्णांक सहा सेंटिमीटर रुंद; म्हणजे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर. आलेखाच्या कागदावर नोट ठेवून मुलांनी चौकोन मोजले. उंदराने खाऊन उरलेली नोट भरली ८४. म्हणजे शेकडा ८४ हून अधिक!

आता नियम काय म्हणतो ते पाहा. रिझर्व्ह बँकेचे नोटा परत घेण्याचे नियम २००९ सालचे आहेत आणि २०१८ साली त्यांत दुरुस्ती झाली. पन्नास रुपयांची किंवा त्याहून मोठी नोट असेल आणि तिचा सर्वांत मोठा अखंड तुकडा शेकडा ८० हून अधिक असेल, तर पूर्ण किंमत. चाळीस ते ऐंशी असेल तर निम्मी. चाळिसाच्या आत असेल तर काही नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेला अर्ध्याहून अधिक तुकडा असला की पूर्ण किंमत, नाहीतर शून्य. आणि यासाठी नागपूर गाठण्याचे कारण नाही. पाचांपर्यंत फाटक्या नोटा आणल्या, तर साध्या शाखेनेही त्या शक्यतो खिडकीवरच पारखून पैसे द्यावेत. पारखता येत नसतील, तर पावती देऊन मोठ्या शाखेकडे पाठवाव्यात आणि तीस दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेनेच सांगून ठेवले आहे. नागपूरची वाट फक्त जळून कोळसा झालेल्या, हात लावताच चुरा होणाऱ्या किंवा एकमेकींना कायमच्या चिकटलेल्या नोटांसाठी आहे.

म्हणजे त्या आजीचे तीनशे नव्हेत, पुरते पाचशे होते!

नियमाचा कागद आणि मुलांनी मोजलेला आलेख घेऊन मी तिच्याबरोबर बँकेत गेलो. "फाटक्या नोटा येथे बदलून मिळतील" अशी पाटी दर्शनी लावायची असते. ती मी चष्मा पुसून शोधली. सापडली नाही. खिडकीवर पुन्हा "नागपूर" ऐकले. मग मी आवाज चढवला, साहेबांच्या खोलीत गेलो, कागद पुढे ठेवला. पाऊण तासाने पाचशेची कोरी नोट आजीच्या हातात पडली. आणि तिने काय करावे? तिने त्या साहेबांना वाकून हात जोडले. "लय उपकार झाले, बापा!"

वाचकहो, बँकेने दिलेल्या नकाराने मला जेवढा संताप आला नव्हता, तेवढा या नमस्काराने आला. उपकार? कसले उपकार? नोटेवर गव्हर्नरसाहेबांची सही आहे. धारकाला पाचशे रुपये देण्याचे वचन तिच्यावर हिंदीत आणि इंग्रजीत छापले आहे. मराठीला मागच्या बाजूच्या भाषांच्या रांगेत "पाचशे रुपये" एवढी जागा आहे. वचन तिच्या वाट्याला आलेले नाही. पण वचन कोणत्याही भाषेत असो, ते उंदराने कुरतडले म्हणून अर्धे होते काय?

पुढे मी मूळ कायदा काढून पाहिला, आणि चाट पडलो. म्हातारीचेच बरोबर होते! १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचे अठ्ठाविसावे कलम म्हणते की, हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, फाटक्या किंवा सदोष नोटेची किंमत हक्काने मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. बँकेने नियम करून ती परत द्यावी, पण कृपा म्हणून! हरवलेल्या नोटेचे मी समजू शकतो. जी हातात नाही तिचे पैसे कोण देणार? पण जिचा शेकडा ८४ भाग माझ्या तळहातावर आहे, तिच्यासाठी कृपा कशाला? गोऱ्या साहेबाच्या अमदानीतला हा शब्द साहेब गेल्यावरही आपण जपून ठेवला आहे. कृपेची सवय लागलेली खिडकी मग कधी कृपा करते, कधी करत नाही.

बँकवाले म्हणतील, लोक दोन नोटांचे तुकडे जोडून फसवतात. फसवोत! नियम अखंड तुकडाच मोजायला सांगतो तो त्यासाठीच. सहावीची पोरे जे मोजू शकली, ते बँकेला मोजता येऊ नये? शहरातले वाचक म्हणतील, आता सारे पैसे मोबाइलवरून जातात. नोटा वापरतो कोण? त्यांनी एकदा आमच्याकडे सोंगणीला यावे. संध्याकाळी बांधावर मजुरी मोजली जाते ती नोटांनीच.

नाण्यांची कथा याहून वेगळी नाही. दहाचे नाणे कोणी घेईना, कारण त्यावरच्या रेघा दहा की पंधरा याचा वाद! १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. आमच्या बाजारात ते अजून पुष्कळांना पटलेले नाही. पन्नास पैशांचे नाणेही कायद्याने चालते, पण ते भिकारीसुद्धा परत करतो. २०११ चा नाणेकायदा नाण्याकडून एवढेच मागतो की, ते मुद्दाम विद्रूप केलेले नसावे आणि ठरलेल्या वजनाखाली झिजलेले नसावे. हातोहाती फिरून गुळगुळीत झाले हा नाण्याचा गुन्हा नव्हे. ती त्याची चाकरी आहे.

एके काळी मुलखामुलखाचे रुपये निराळे असत आणि सराफ ते बट्टा कापून बदलून देत. देशभर एकच रुपया झाला तेव्हा तो बट्टा संपायला हवा होता. तो बँकेच्या दारातून गेला आणि आठवडी बाजारात जाऊन बसला. तिथे बसलेल्या माणसावर मी रागावत नाही. बँक जे काम नाकारते, ते तो करतो. पण पाचशेला दोनशे हा बट्टा देतो कोण? ज्याच्या घरात लोखंडी कपाट आहे तो नव्हे. ज्याची तिजोरी म्हणजे पदराची गाठ किंवा भिंतीतले भोक, त्याच्याच नोटा उंदीर खातो, वाळवी खाते, पाऊस भिजवतो. बट्टा गरिबाला बसतो आणि बट्टा लागतो तो गव्हर्नरसाहेबांच्या वचनाला!

म्हणून कायद्यातली ती "कृपा" काढून तिथे "हक्क" लिहा, असे माझे सरकारला सांगणे आहे. आणि वाचकांनो, तुम्हीही या दिवाळीत एक करा. कोरी पुडकी आणायला बँकेत जाल, तेव्हा तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला, शेतातल्या गड्याला विचारा, कोणाची फाटकी नोट आहे काय. ती बरोबर न्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे मिळाले तर ज्याचे त्याला द्या, आणि त्याने हात जोडले तर ते हळूच खाली करा.