मासा ‘हुशार’ ठरवून प्रश्न सुटत नाही

दर काही महिन्यांनी राष्ट्रीय वृत्तमाध्यमांच्या विज्ञानपानावर एखादा मासा अवतरतो. कधी तो ‘माणसांचे चेहरे ओळखतो’, कधी ‘बेरीज-वजाबाकी करतो’. चार दिवस कौतुक होते आणि मासा विसरला जातो. विस्मरणाचा आरोप मात्र माशावरच राहतो: त्याची स्मृती म्हणे तीन सेकंदांची! ही दंतकथा आणि तो मथळा ही एकाच आळसाची अपत्ये आहेत. प्रयोगात नेमके काय घडले, हे पाहण्याचे कष्ट दोन्हींनी टाळलेले असतात.

२०१६ साली ऑक्सफर्ड आणि क्वीन्सलँड विद्यापीठांतील संशोधकांनी आर्चरफिश या माशाला दोन चेहऱ्यांची चित्रे दाखवली. तोंडातून पाण्याची चिळकांडी उडवून कीटक पाडणे हा या माशाचा स्वभावधर्म. ठरलेल्या चित्रावर चिळकांडी मारली की खाद्य मिळे. पुढे ४४ अनोळखी चेहऱ्यांशी तुलना करतानाही त्याने शिकलेला चेहरा निवडला. सर्वोत्तम कामगिरीची सरासरी ८१ टक्के होती. चित्रांतील उजळपणा आणि रंग समान केल्यावरही त्याची कामगिरी टिकून राहिली. मथळ्यात ‘चेहरा’ आला. परंतु माशाच्या लेखी तो चेहरा होता, असे मानण्यास आधार नाही. त्याच्यासाठी ती एक आकृती होती, जिच्यामागे अन्न होते.

२०२२ च्या बॉन विद्यापीठातील प्रयोगाचेही तेच. सिक्लिड माशांना निळ्या आकृत्या दिसल्या तर एकाने अधिक, पिवळ्या दिसल्या तर एकाने कमी आकृत्या असलेले दार निवडायचे होते. मासे केवळ ‘जास्त’ निवडत नाहीत ना, हे तपासण्यासाठी तीन निळ्या आकृत्यांनंतर चार आणि पाच असे पर्याय ठेवले गेले. त्यांनी बहुधा चारच निवडले. प्रयोगाचे सौंदर्य या तपासणीत आहे. नेमकी तीच बातमीतून गळते आणि ‘गणिती मासा’ तेवढा उरतो.

खरा प्रश्न हुशारीचा नाही, मूल्याचा आहे. त्रिकोण स्वतः खाण्याजोगा नसतो. मग तो ‘मोलाचा’ कसा होतो? १९७२ साली रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी याचे एक साधे गणिती उत्तर मांडले: अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिळालेले बक्षीस यांतील तफावत जेवढी मोठी, तेवढे शिकणे अधिक. तफावत शून्यावर आली की शिकणे थांबते. माशाला मानवासारखा नवबाह्यक नाही, तरी आकृतीला मोल चिकटवण्याचे काम त्याचा मेंदू करतो. म्हणजे या कामासाठी नवबाह्यक अनिवार्य नाही. ज्या मथळ्याला हे सांगता येत नाही, त्याने सांगितले तरी काय?

या प्रश्नाची एक दुर्मीळ किल्ली छत्तीसगडकडे आहे. बस्तरमधील कांगेर खोऱ्यात, कोटुमसर गुहेच्या काळोखात एक लहान मासा राहतो. संशोधनग्रंथांत त्याची नोंद नेमाकायलस एव्हेझार्डी अशी आहे. या जातीचे वर्णन एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या माशांवरून केले. उघड्या ओढ्यांतील त्याचे भाऊबंद डोळस आहेत. गुहेतल्याचे डोळे आणि रंग ऱ्हास पावले आहेत. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील अभ्यासकांनी या माशाच्या जैवलयींवर वर्षानुवर्षे काम केले. विज्ञानपानावर त्याला किती रकाने मिळाले?

डोळस माशाला आकृती आणि गुहेतल्या माशाला स्पर्श किंवा गंध अशी खूण देऊन दोघांच्या शिकण्याची गती मोजता येईल. ती सारखी निघाली, तर दृष्टी गेली तरी मोल ठरवण्याची क्षमता टिकते, या तर्काला बळ मिळेल. निराळी निघाली, तर प्रश्न अधिकच गहन होईल. गुहेतील मासे मोजके असतील तितके जपूनच हाताळावे लागतील. डोळस माशांपासून आरंभ करण्यास मात्र कोणाची आडकाठी आहे? काचेची टाकी, पुठ्ठ्याच्या आकृत्या, कॅमेरा आणि संयम, एवढ्यावर हे काम उभे राहते.

भडक मथळ्यांमुळे विद्यार्थी विज्ञानाकडे वळतात, असे समर्थन केले जाते. वळतात, हे खरे, पण कशाकडे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनंतर प्राणिशास्त्राच्या वर्गांतून विच्छेदन मागे हटले, हे योग्यच झाले. त्याची जागा केवळ पडद्यावरच्या चित्राने घ्यावी, हे मात्र योग्य नव्हे. तिथे जिवंत मासा शिकताना पाहणे हा प्रात्यक्षिकाचा भाग व्हावा. बक्षिसाची बाजू रोज बदलणे, खाद्याच्या वासाने मासा फसत नाही ना हे तपासणे, चुकांची नोंद बरोबर उत्तरांइतकीच प्रामाणिकपणे ठेवणे, ही शिस्त ज्याच्या अंगी मुरली तो पुढचा मथळा वाचून टाळी वाजवण्याआधी विचारेल: तुलना कशाशी केली होती?

तळ्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायपुरात माशांची वाण नाही. वाण आहे ती हा प्रश्न विचारण्याच्या सवयीची.