गव्हाचा प्रयोग गव्हाच्या दिवसांत दाखवा

मा. कुलगुरू,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला
यांस,



आपल्या विद्यापीठात ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग 1988पासून चालू आहे. तेच तुकडे, आणि दरवर्षी त्यांना तीच खतं. एकाला काहीच नाही, एकाला नुसतं नत्र, एकाला नत्र आणि स्फुरद, एकाला नत्र-स्फुरद-पालाश तिन्ही, तर एकाला या तिन्हींच्या जोडीला हेक्टरी 5 टन शेणखत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं 1970मध्ये सुरू केलेल्या देशव्यापी प्रकल्पाचं हे आपलं केंद्र. त्याचे निष्कर्ष इंग्रजी अहवालांत आणि शोधनिबंधांत छापून येतात. ज्याच्या वावरात गहू उभा आहे, त्याच्या हाती ते पडत नाहीत. म्हणून हे पत्र.

गव्हाला 21 दिवसांच्या आसपास पहिलं पाणी दिलं, की आम्ही मागोमाग युरिया फेकतो. आठवड्याभरात पिवळट पडलेलं पीक काळंभोर होतं. खताचा गुण असा डोळ्यांदेखत दिसतो, आणि तोही 45 किलोच्या पोत्याला 266 रुपये 50 पैशांत. डीएपीचं पोतं 1350चं. हिशेब कुणीही करील. गंधक संपत आलं, जस्त कमी पडलं, पालाश उतरला, हे मात्र आठवड्यात दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा दहा-पंधरा वर्षं उलटलेली असतात, आणि आम्ही बियाण्याला नाहीतर हवामानाला बोल लावून मोकळे होतो.

ही दहा-पंधरा वर्षं आपल्या तुकड्यांत मोजून ठेवलेली आहेत. नुसत्या नत्राचा तुकडा मागे पडतो. काळ्या मातीत पालाश मुबलक, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण तो न देता पिकं काढत राहिलं तर साठा उतरतो, हे तिथं दिसतं. आणि तिन्ही खतांबरोबर शेणखत पडलेला तुकडा उत्पादनातही पुढे असतो, सेंद्रिय कर्बातही. आणखी एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना रुचणार नाही: संतुलित रासायनिक खतानं जमीन मरत नाही. पीक जोमदार आलं की मुळं आणि धसकटंही जास्त राहतात, आणि मातीला त्यातून काही परत मिळतं. जमिनीचा कस उतरतो तो एकांगी वापरानं. ‘रासायनिक म्हणजे विष’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘आणखी एक पोतं टाका’ म्हणणाऱ्यांनी या तुकड्यांच्या बांधावर एकदा शेजारी शेजारी उभं राहावं.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला असा गव्हाचा प्रयोग 1843पासून चालू आहे. तो सुरू करणारा जॉन बेनेट लॉज हा स्वतः सुपरफॉस्फेटचा कारखानदार. तरीही त्यानं खताविना एक पट्टा राखला, आणि तो आजही हेक्टरी टनभर गहू देतो. 1889मध्ये त्यानं या कामासाठी एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी बाजूला काढला, म्हणून सरकारं बदलली तरी प्रयोग अडला नाही. तिथं दाणे, काड आणि मातीचे नमुने सुरुवातीपासून बरण्यांत जपले आहेत. त्यांतूनच पुढे कळलं, की 1960च्या दशकात बुटक्या जाती आल्यापासून गव्हाच्या दाण्यातलं जस्त आणि लोह घटत गेलं, मातीतलं मात्र घटलेलं नव्हतं. हे शोधायचं म्हणून 1843मध्ये कुणी बरणी भरली नव्हती.

ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं आहे, त्या पंजाबरावांनी 1959-60मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं होतं. शेतकरी बघून शिकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शेतकऱ्यांना प्रयोग दाखवणारी आपली शिवार फेरी खरिपाच्या दिवसांत होते, तेव्हा गहू पेरलेलाच नसतो. जानेवारीत ओंब्या भरताना या प्रयोगासाठी वेगळी फेरी ठेवा. प्रत्येक तुकड्यावर मराठी पाटी लावा, त्यावर सुरुवातीपासूनचं उत्पादन एकरी क्विंटलमध्ये लिहा. हेक्टरी 120 किलो नत्र म्हणून सांगू नका. निव्वळ युरियातून द्यायचं तर एकरी सव्वादोन-अडीच पोती, असं सांगा. नुसत्या नत्राच्या आणि शेणखताच्या तुकड्याची माती कुदळीनं उकरून हातात घेऊ द्या.

आणि शेणखताचं काय करायचं, तेही बोला. एकरी दोन टन म्हणजे जेमतेम ट्रॉलीभर, पण गोठे रिकामे झाले आणि ट्रॉलीचा भाव वाढला. सोयाबीनचं कुटार, गव्हाचं काड वावरातच कुजवलं तर शेणखताची किती तूट भरून निघेल, याची चाचणी शेजारच्या जमिनीत लावा. मूळ तुकड्यांना मात्र हात लावू नका. आजूबाजूला ज्वारी-गहू घेणारे फार उरले नाहीत, सोयाबीन-हरभरा आला, म्हणून पिकं बदलण्याचा मोह होईल. बदललीत तर 1988पासूनची तुलना तिथंच तुटेल.

या प्रयोगासाठी लॉजसारखा स्वतंत्र निधी उभारायचा ठराव विद्यापीठानं करावा. आम्ही शेतकरी त्यात आमचा वाटा घालू. जानेवारीतल्या फेरीची तारीख पेरणीआधी जाहीर झाली, तर गावातून गाडी भरून येऊ.

आपला,
अकोला जिल्ह्यातला एक गहू उत्पादक